‘पोटभर जेवण’ अशी पाटी लावून खानावळवाल्याला परवडतं तरी कसं?

हिंगोलीहून नांदेडकडे निघालात की आधी कळमनुरी लागतं, मग आखाडा बाळापूर आणि पुढे वारंगा फाटा. या रस्त्यावर दुपारी भूक लागली की पाट्या साधारण दोन प्रकारच्या दिसतात. एका पाटीवर पदार्थांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर दर. दुसऱ्या पाटीवर दोनच शब्द, ‘पोटभर जेवण’, आणि खाली एकच आकडा.

तहसीलमध्ये कागदपत्रांच्या कामाला आलेला शेतकरी, बाजाराच्या दिवशी पोती उचलून दमलेला हमाल, रात्रभर ट्रक चालवून आलेला ड्रायव्हर, ही मंडळी बहुतेक वेळा दुसऱ्या पाटीकडे वळतात. पैसे किती जाणार हे आधीच माहीत असतं आणि उपाशी उठावं लागणार नाही याची खात्री असते.

आता प्रश्न असा की, आकडा ठरलेला आणि भाकरीला मोजमाप नाही, तर मालकाचं दिवाळं निघत नाही का? निघत नाही. कारण ‘अनलिमिटेड’ म्हणजे सगळंच अनलिमिटेड असं कधीच नसतं. आणि जे खरोखर अनलिमिटेड असतं, त्याचे पैसे कुणीतरी भरतच असतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

खानावळ, मेस, भोजनालय, राइस प्लेट हे शब्द आपण कसेही वापरतो, पण धंद्याच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. खानावळीत ठरलेला स्वयंपाक असतो. आज जी भाजी केली ती सगळ्यांना, तुमच्या आवडीला जागा कमी. मेसमध्ये गिऱ्हाईक महिन्याचं असतं, पैसे बहुधा आगाऊ भरलेले असतात आणि न जेवलेल्या दिवसांचा ‘खाडा’ धरायचा की नाही यावरून महिनाअखेरीस वाद होतात. राइस प्लेट म्हणजे मोजून दिलेलं ताट. दोन-तीन पोळ्या, भाजी, वरण, भाताची एक मूद, संपलं. त्याच्या वर जे घ्याल ते ‘एक्स्ट्रा’.

हा फरक एकाच छपराखाली बघायचा असेल तर मुंबईला माटुंगा स्टेशनला लागून असलेलं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासूनची ही जागा. इथे ताटात वाढलेलं मर्यादित जेवण मिळतं आणि केळीच्या पानावरचं अमर्याद जेवणही मिळतं, दोन्हींचे दर वेगळे. स्वयंपाकघर एक, आचारी तेच. पानावर बसलेला माणूस जास्तीचे पैसे देतो ते अन्नापेक्षा ‘पुन्हा मागण्याच्या’ हक्कासाठी. बरं, भरपूर भूक असेल तरच तो हक्क घेण्यात अर्थ आहे, नाहीतर ताट बरं.

कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचं बिल भरतो

अनलिमिटेड जेवणाचं पहिलं गणित सरासरीचं आहे. समजा एका खानावळीत दुपारी पन्नास माणसं जेवली. त्यातली दहा माणसं सहा-सहा भाकरी खातात, तीस माणसं तीन खातात आणि दहा माणसं दोनवरच थांबतात. एकूण झाल्या १७०, म्हणजे माणशी साडेतीनच्या आत. मालक दर लावतो तो या साडेतीनचा. सहा खाणाऱ्याकडून त्याला तोटा होतो, दोन खाणाऱ्याकडून तो भरून निघतो. विमा कंपनीचं गणित याहून वेगळं नसतं.

म्हणून खानावळवाल्याला खरी भीती एका खादाड माणसाची नसते. सगळीच गिऱ्हाइकं सारखी खादाड असतील तर मात्र सरासरी कोसळते. बाजार समितीच्या दाराशी असलेली खानावळ आणि कोर्टासमोरची खानावळ यांना एकच दर परवडत नाही तो यामुळेच.

दुसरं गणित असं की, कुठला पदार्थ हवा तेवढा वाढायचा आणि कुठला मोजून. इथे कोल्हापूर सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे. मटण थाळीत तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा मिळतो, वाटी रिकामी दिसली की वाढपी न विचारता ओततो. पण सुक्क्या मटणाचे तुकडे? ते मोजूनच. मिसळीचंही तसंच. कट किंवा तर्री पुन्हा मागा, मिळते. फरसाण पुन्हा मागितलं की कपाळाला आठी पडते. रश्श्यात पाणी आणि मसाला वाढवता येतो, मटण वाढवता येत नाही.

आपल्याकडच्या शाकाहारी खानावळीत वरण आणि भात ही जागा सांभाळतात. एक किलो तांदळाचा शिजवल्यावर साधारण अडीच ते तीन किलो भात होतो. भाजीचं उलट, पालेभाजी कढईत पडली की आळून निम्म्यावर येते. त्यामुळे चाणाक्ष मालक वरण-भाताचा आग्रह करतो, भाजी दुसऱ्यांदा वाढताना पळी अर्धी भरतो, आणि गोड पदार्थ ताटात आधीच ठेवून मोकळा होतो. त्यात फसवणूक नाही, अशीच ही पद्धत चालते.

तिसरं गणित खुर्चीचं आहे. मेन्यू कार्ड बघून ऑर्डर देणारा माणूस निवांत बसतो. खानावळीत बसल्या बसल्या ताट येतं आणि माणूस थोड्या वेळात हात धुवायला उठतो. एका दुपारी एकाच बाकड्यावर तीन-चार पंगती उठल्या तर भाडं, वीज आणि वाढप्याचा पगार तेवढ्या ताटांत वाटला जातो. काय शिजवायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे शिळंपाकंही कमी उरतं.

वारंगा फाट्याची खिचडी या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. नागपूरकडून येणारा महामार्ग आणि हिंगोलीचा रस्ता इथे मिळतो, त्यामुळे दिवसरात्र वर्दळ. खिचडी हा तर या सगळ्या गणिताचा अर्क आहे. एक भांडं, एक शेगडी, डाळ-तांदूळ एकत्र, पोळ्या लाटायला माणूस नको, आणि गरम वाफाळती प्लेट लगेच पुढ्यात. स्वस्तात भरपूर द्यायचं असेल तर भांडी कमी करा, हे तिथे कुणी शिकवायला गेलेलं नाही.

अमेरिकेतला ‘हवं तेवढं खा’ बफे १९४० च्या दशकात लास वेगासच्या एल रांचो या कॅसिनो-हॉटेलात एक डॉलरला सुरू झाला, असं सांगतात. तिथे जेवणावर कमाई करायचीच नव्हती. रात्री उशिरापर्यंत माणूस जुगाराच्या टेबलाजवळ टिकवायचा होता. आपल्या फाट्यावरच्या खानावळीकडे जुगाराचं टेबल नाही, सगळं त्या एका ताटातूनच काढायचं आहे.

स्वस्त वेगळं आणि पोटभर वेगळं

इथे बहुतेक चर्चा घसरते. स्वस्त ताट आणि पोट भरणारं ताट या दोन गोष्टी आपण एक धरतो. सरकारी थाळीकडे बघितलं की फरक कळतो.

महाराष्ट्रात शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दर १० रुपये. ताटात प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. सुरुवातीला ही केंद्रं जिल्ह्याच्या ठिकाणी होती. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये योजना तालुक्यांपर्यंत नेली आणि दर ५ रुपयांवर आणला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही महिने थाळी मोफतही होती. एका थाळीचा हिशोब शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. म्हणजे गिऱ्हाईक दहा देणार आणि उरलेले ४० किंवा २५ सरकार केंद्रचालकाला देणार.

आता या थाळीचं वजन करा. सगळं मिळून ४१० ग्रॅम. ढोबळ अंदाजाने यातून साडेपाचशे ते सहाशे कॅलरी मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २,११० कॅलरी लागतात, मध्यम मेहनत करणाऱ्याला २,७१० आणि जड काम करणाऱ्याला ३,४७०. हिंगोलीच्या हळद बाजारात दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाच्या गरजेच्या सहाव्या हिश्शाएवढं ते ताट आहे. कार्यालयात बसणाऱ्याचं भागेल, हमालाचं भागणार नाही. तो दुसरी थाळी घेईल किंवा शेजारच्या टपरीवर वडापाव खाईल.

याचा अर्थ योजना वाईट असा नाही. ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत त्याच्यासाठी ४१० ग्रॅम गरम अन्न फार मोठी गोष्ट आहे. पण ते खानावळीला पर्याय नाही, आणि तसं समजून कुणी खानावळवाल्याला ‘सरकार दहाला देतं, तुम्ही शंभर घेता’ असं सुनावू नये. ते दहा रुपये म्हणजे थाळीची किंमत नव्हेच. उरलेले पैसे वेळेवर आले नाहीत की काय होतं, तेही आपण पाहिलं. अनुदानाची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी राज्यभर केल्या. किराणावाला मात्र कुणासाठी थांबत नाही.

याआधी १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली होती. पुढे अनुदान थांबलं आणि अनेक स्टॉलवर झुणका-भाकरीऐवजी वडापाव, चायनीज विकलं जाऊ लागलं. तमिळनाडूत २०१३ ला सुरू झालेल्या अम्मा उणवगममध्ये एक रुपयाला इडली आणि पाच रुपयांना सांबार-भात, तर कर्नाटकात २०१७ च्या इंदिरा कँटीनमध्ये पाचला नाश्ता आणि दहाला जेवण. सगळीकडे हिशोब एकच, फरक तिजोरी भरते.

पुण्यात हमाल पंचायतीने वेगळा मार्ग काढला. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालच्या या संघटनेने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा, आणि गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर मोठी भूक असलेला माणूस. बाजारात ओझी उचलणाऱ्यांनी स्वतःसाठी काढलेलं ते उपाहारगृह होतं, त्यामुळे भाकरी केवढी हवी हे ठरवायला तज्ज्ञ समिती लागली नाही. मला विचाराल तर स्वस्त आणि पोटभर या दोन्ही गोष्टी एका ताटात बसवण्याचा सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न हाच.

नांदेडचं उदाहरण या सगळ्याच्या पलीकडचं. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरमध्ये दरच नाही. पंगतीला कुणीही बसावं, हवं तेवढं घ्यावं. अन्न देणगीतून येतं आणि पोळ्या लाटण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचं बरंचसं काम सेवा म्हणून होतं. मजुरीचा खर्च वजा झाला की जेवण किती स्वस्त होऊ शकतं, हे तिथे दिसतं.

मजुरीचा हा खर्च खानावळीत कोण सोसतं?

बहुतेक वेळा बाया. लहान खानावळीत पहाटे उठून भाकरी थापणारी घरचीच असते. तिचा पगार कुठेच लिहिलेला नसतो. शंभर रुपयांच्या ताटात तेल, गॅस, भाजी, भाडं सगळं मोजलं जातं आणि उरलं तर ते ‘घरचं’. हे फुकटचे कष्ट वजा केले तर आपल्या अनेक लाडक्या खानावळी महिनाभर टिकणार नाहीत.

गिरणगावात हे फार ठळकपणे घडलं. लालबाग-परळच्या चाळींमध्ये राहणारे कितीतरी गिरणी कामगार गावी कुटुंब ठेवून एकटे आलेले. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाया दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करायच्या. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, म्हणजे महिनाभराचं धान्य बाईने उधारीवर आणायचं. त्या उधारीचं व्याज तिला खाऊन टाकायचं. संप झाला की कामगाराचा पगार बंद, पण चूल बंद करता येत नसे.

कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकेकडून गटाच्या हमीवर छोटं कर्ज मिळवून देणं हे त्याचं पहिलं मोठं काम. आज बचत गटाला कर्ज मिळणं नेहमीचं वाटतं, तेव्हा खानावळवालीला बँकेच्या दारात उभं करणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणारे गावी परतले.

आज चित्र उलटं आहे. कळमनुरीचा पोरगा स्पर्धा परीक्षेसाठी नांदेडला, संभाजीनगरला किंवा पुण्याला जातो आणि मेसवाल्याच्या हातात महिन्याचे पैसे आधी ठेवतो. म्हणजे उधारी आता विद्यार्थी देतो. मेसवाला त्याच पैशातून किराणा भरतो. म्हणून मेस मध्येच बंद झाली की पोरांचे पैसे अडकतात. शक्य असेल तर पूर्ण महिन्याऐवजी पंधरा दिवसांचे किंवा कूपनचे पैसे भरा. खाडा किती दिवसांनंतर धरणार, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का आणि ‘भाकरी अनलिमिटेड’मध्ये भाजी येते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. लाजायचं काही कारण नाही.

दर वाढत नाही तेव्हा काय कमी होतं?

हॉटेलात वापरायचा १९ किलोचा सिलिंडर घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा वेगळा असतो आणि त्याचा दर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. तेल आणि डाळीचे भाव त्याहून लवकर हलतात. पाटीवरचा आकडा मात्र वर्षातून एकदा बदलला तरी गिऱ्हाईक कुरकुरतं. दहा रुपये वाढवले की शेजारच्या खानावळीत माणसं जातात, ही भीती खोटी नाही.

मग आकडा तोच राहतो आणि ताट बदलतं. भाकरी पातळ होते. वाटीचा तळ वर येतो. वरणात डाळ शोधावी लागते. बुधवारचं गोड बंद होतं, ताकाचा ग्लास लहान होतो, शेंगदाण्याची चटणी जाऊन नुसता ठेचा उरतो. सगळ्यात आधी गायब होते ती डाळ, आणि मेहनतीच्या माणसाला गरज तिचीच जास्त असते. पोट भाताने भरतं, पण दुपारी चारला पुन्हा भूक लागते. माझ्या मते खानावळवाल्याने सरळ दहा रुपये वाढवावेत आणि वरण घट्ट ठेवावं. नियमित येणारा माणूस समजून घेतो.

सोशल मीडियावर मात्र ‘भरपूर’चा अर्थ वेगळाच झालाय. मावळातल्या वडगावच्या शिवराज हॉटेलची ‘बुलेट थाळी’ २०२१ मध्ये देशभर गाजली. २,५०० रुपयांची सुमारे चार किलोची मांसाहारी थाळी एका तासात एकट्याने संपवा आणि रॉयल एनफिल्ड बुलेट घेऊन जा. जाहिरात म्हणून कल्पना झकास होती. पण ती तमाशा बघायला जमलेल्या गर्दीसाठी होती, रोजच्या भुकेसाठी नव्हे. रील बघून खानावळीत जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की, ताटाचा घेर आणि रोजची परवड यांचा संबंध नसतो.

पाटी आणि बिल कसं वाचायचं?

‘अनलिमिटेड’ लिहिलं असेल तर बसण्याआधीच विचारा, कशाचं? बऱ्याच ठिकाणी पोळी-भात-वरण एवढंच. ‘फुल’ लिहिलं असेल तर ते बहुधा मोजलेलंच ताट असतं, फक्त मोठं. एका अनलिमिटेड ताटात दोघांनी जेवू नका, मालक हटकणारच आणि त्याचं बरोबर आहे, कारण त्याची सरासरी एका माणसाच्या पोटावर बसवलेली असते. पार्सलमध्ये अनलिमिटेड मिळत नाही तेही त्याचमुळे. डब्यात किती मावतं याला मर्यादा नाही, पोटाला आहे.

बिलात जीएसटी दिसला तर थांबून बघा. साध्या खानावळी-रेस्टॉरंटला दर ५ टक्के आहे. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. वीस लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साडेपाच हजारांच्या आत, शंभर रुपयांच्या ताटाने दिवसाला पन्नास-पंचावन्न ताटं. त्याच्या वर गेलेले बरेच जण कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळा लावता येत नाही. बिलावर जीएसटी नंबर नसताना कर लावला असेल तर तो नंबर मागा.

‘सर्व्हिस चार्ज’ तालुक्याच्या खानावळीत दिसणार नाही, पण नांदेड-पुण्याच्या मोठ्या थाळी हॉटेलांत दिसू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. नको असेल तर काढायला सांगता येतो. त्यापेक्षा ज्याने पाचव्यांदा वरण विचारलं त्या वाढप्याच्या हातात वीस रुपये ठेवले तर ते नक्की त्याच्याच खिशात जातील.